गडाची मागची बाजू

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची. बसले तरी पाय हलत राहायचे. बसल्या जागी पाय हलवले की घरात भांडणं होतात, असा आमच्याकडे समज आहे, त्यामुळे कुणाचं कुणाशी वाजलं की खापर माझ्या पायांवर फुटायचं. आईचं आणि मामाचं जे बिनसलं ते मात्र माझ्या पायांमुळे नव्हतं, एवढं सुरुवातीलाच सांगून टाकते.

तेव्हा मी नसरापूरला एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला होते. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, दशक्रियेची कार्डं, कुणाचा अर्ज टाईप करून देणं, असली कामं. घर वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याला. सकाळची एसटी पकडायची, विंझर आलं की आता अर्धा रस्ता झाला म्हणून उगाच उठून उभं राहायचं, आणि नसरापूरला उतरलं की जवळजवळ पळत सुटायचं. मालक म्हणायचे, "अगं, कॉम्प्युटर काय पळून चाललाय का?" कॉम्प्युटर नाही, पण वीज पळायची. भारनियमनाचे दिवस होते. अर्धी पत्रिका जुळवून झाली की पडदा काळा. मग मी दारात बसून हायवेकडे जाणारे टेम्पो बघायची आणि पाय हलवायची.

सेंटरमध्ये इंटरनेट होतं. त्या काळी तरुण मंडळी सगळी एकाच साइटवर पडीक असायची आणि तिथं कुणीही उठून कम्युनिटी काढायचं. आमच्या भोर-वेल्ह्याचीही एक होती. काढणारा मुलगा आमच्याच भागातला, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. त्याला सगळे सरपंच म्हणायचे. खऱ्या नावानं तिथं कोणी वावरत नसे. भातावर कुठला रोग पडलाय, भोरची शेवटची गाडी सुटली का, कुणाला रक्त पाहिजे, कुणाला स्थळ पाहिजे, सगळं तिथं चालायचं. भोर गावातला एक मुसलमान मुलगा दुबईला गेलेला होता. तो रोज विचारायचा, आज पाऊस आहे का? नाही म्हटलं की रागवायचा, जसा काही आम्हीच अडवून धरलाय.

या कम्युनिटीचा एक लोगो होता. सरपंचांनी स्वतः केलेला. एवढ्याशा चौकोनात उगवता सूर्य, दोन तलवारी आणि मधोमध किल्ला. कुणी त्याच्याकडे नीट बघितलेलंच नव्हतं. एक दिवस शिवऱ्याच्या एका पोराला काय सुचलं कोण जाणे, त्यानं विचारलं, "ह्या किल्ल्याला कुठल्या वाटेनं चढायचं?" तेव्हा सगळ्यांनी बघितलं. टोकदार मनोरे, मनोऱ्यांवर तिकोनी निशाणं. मी तो किल्ला बघताक्षणी ओळखला. पत्रिकांच्या चित्रांची एक सीडी आमच्या सेंटरात होती, तिच्यात परदेशी राजवाडे होते, आणि लहान मुलींच्या वाढदिवसाच्या कार्डाला मी नेमका तोच वापरायचे. तसं मी लिहून टाकलं. लोक आठवडाभर हसले. मग सरपंच म्हणाले, "एवढं कळतं तर तूच करून दे नवीन." आ बैल मुझे मार, म्हणतात ते हेच.

मी लगेच कामाला लागले. मला थांबता येत नाही. आमच्या दोन तालुक्यांचा लोगो म्हटल्यावर तोरणा आलाच. भाद्रपद चालू होता, गड ढगात बुडालेला, पण मला कशाला बघायला पाहिजे? जन्मल्यापासून सकाळी दात घासताना समोर तोच. मी आठवणीनं त्याची कडा काढली. डावीकडे झुंजार माचीची उतरती रेघ, मधे लांबलचक माथा, उजवीकडे बुधला. बुधला म्हणजे गडाच्या टोकाला तेलाच्या बुधल्यासारखा उभा असलेला सुळका. तो दिसला की गड ओळखायला दुसरं काही लागत नाही. खाली हिरवा रंग भरला, वर भगवं आकाश, आणि टाकलं कम्युनिटीवर. मला वाटलं, आता शाबासकी येईल.

संध्याकाळपर्यंत भांडण पेटलं होतं. भोरकडचे म्हणाले, आम्हाला हा दिसतच नाही, आम्हाला राजगड दिसतो. कामथडी-शिवऱ्याचे हायवेवाले म्हणाले, आम्ही घराबाहेर पडलो की ट्रक दिसतात, ट्रक टाका. दुबईवाला म्हणाला, माझ्या घरातून एसटी स्टँड दिसायचा, मला तोच बघायचाय. आणि सगळ्यांत चिडून एकानं लिहिलं, "गड उलटा काढलाय. बुधला डावीकडे असतो." हा प्राणी गडाच्या मागच्या अंगाला, पासलीकडच्या खोऱ्यातला होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव गडामागचा ठेवलं. त्याला मी ठणकावून सांगितलं की बुधला उजवीकडेच असतो, मी रोज बघते. त्यानं लिहिलं, "मीपण रोज बघायचो."

दोघांचंही खरं होतं. गड एकच, आम्ही उत्तरेकडून बघणार, ते दक्षिणेकडून. पण भांडण रंगात आल्यावर हे कुणाला सुचतं? शेवटी मला वाटलं, उगाच कशाला वाढवा. कॉम्प्युटरवर चित्र उलटं करायला एक बटण पुरतं. मी गड आरशात धरल्यासारखा फिरवला, बुधला डावीकडे आणला आणि पुन्हा टाकला. घ्या, म्हटलं, झालं समाधान?

गडामागच्याचं उत्तर आलं, "नुसता आरसा धरून डोंगराची पाठ दिसत नाही."

मला इतका राग आला की मी त्या चित्राचा प्रिंट काढला, चुरगाळून पर्समध्ये कोंबला आणि एसटीत बसले. रागात मी प्रिंट कशाला काढला, ते आजही सांगता येणार नाही.

आता आईचं सांगायला हवं. आईचं माहेर त्याच खोऱ्यात, गडाच्या पाठीमागच्या एका वाडीत. आमच्या दारात उभं राहून दगड भिरकावला असता आणि मधे गड नसता, तर तिकडच्या अंगणात पडला असता, असं आबा, म्हणजे माझे वडील, चेष्टेनं म्हणायचे. पण आई कित्येक वर्षांत तिकडे गेली नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नापासून. लग्नात मामाचा मान मोठा. मामानं भाचीला हाताला धरून मांडवात आणायचं, मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभं राहायचं. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी मामांची जीप घाटात बंद पडली. मुहूर्त टळायला लागला. गुरुजी घाई करायला लागले, वराकडची माणसं घड्याळं बघायला लागली, आणि कुणीतरी म्हणालं, चुलत मामा आहे की, त्याला उभा करा. आबांनी होकाराची मान हलवली. मामा धावतपळत मांडवात पोचले तेव्हा शेवटच्या अक्षता पडत होत्या. ते मांडवाच्या तोंडाशीच थांबले. "माझ्याबिगर भाची उभी राहिली, आता माझं हितं काय काम?" म्हणाले आणि पाण्याचा घोटही न घेता परत फिरले. आई बायकांच्या गर्दीतून वाट काढत दारापर्यंत आली तोवर जीप गेलेली होती.

तेव्हापासून दोन्हीकडे ताठा. आमच्याकडे लेकीनं माहेरी आपल्या पायानं जायचं नसतं. भाऊ नाहीतर भावाचा माणूस न्यायला यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. पंचमीला, दिवाळीला मुराळी आला की लेक निघते. मामांचं म्हणणं, आधी त्यांनी मला मांडवातून परत का जाऊ दिलं ते सांगावं. आईचं म्हणणं, मुराळी आल्याबिगर मी उंबरा ओलांडणार नाही. आबा दरसाल भाऊबीजेच्या आधी विचारायचे, "पाव्हण्यांना मी जाऊन घेऊन येऊ का?" आई म्हणायची, "खबरदार. मुराळी काय बोलवून आणत्यात व्हय?" आणि दरसाल भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची, ज्यांना भाऊ नाही त्या ओवाळतात तशी. मला ते बघवायचं नाही. मी त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून शेजारी जायची.

आणि आता माझ्या लग्नाचं बघणं चालू झालेलं. पोहे करून करून मी वैतागले होते. एकदा असे पाहुणे जाऊन झाल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुझ्या पाठीमागं कोण उभं ऱ्हाईल गं?" मी म्हटलं, "मला लग्नच करायचं न्हाई, म्हणजे कुणी उभं ऱ्हायची भानगडच नको." ती भांडी आवरत राहिली. ती गप्प बसली की मला जास्त त्रास व्हायचा. भांडली असती तर बरं झालं असतं.

तर त्या दिवशी मी घरी आले, पर्स कोनाड्यात भिरकावली, आणि तो चुरगाळलेला प्रिंट बाहेर पडला. आईनं तो उचलला, मांडीवर ठेवून हातानं सरळ केला आणि बराच वेळ बघत बसली.

"ह्यो कुठला गड?"

"तोरणा. मागच्या बाजूनं."

"कुणी सांगितलं तुला? असा कुणाच्याच दारातनं दिसत न्हाई."

मी म्हटलं, बुधला डावीकडे पाहिजे ना, आहे की डावीकडे. ती म्हणाली, "बुधला डावीकडं हाय, पर बाकीचा डोंगुर तुझ्या दारातलाच हाय. उलटा घातलेल्या सदऱ्यावानी." मग तिनं रांगोळीचा डबा ओढला. अंगणात नाही, तिथंच स्वयंपाकघराच्या सारवलेल्या जमिनीवर, संध्याकाळच्या वेळी, जेव्हा कोणी रांगोळी काढत नाही. चिमटीतून पांढरी रेघ सोडत गेली. डावीकडे बुधला, पण मी काढला होता त्याहून बुटका आणि जरा वाकलेला. मग एक खोलगट खिंड. मग माथा, आणि माथ्याच्या खाली कड्यातून पुढं आलेलं एक टोक, माणसाच्या नाकासारखं.

"ह्याला आमी नाकाड म्हणतो. पावसात त्याच्या शेंड्यावरनं पाणी पडतं. लहानपणी आमी दोघं पैज लावायचो, आज पाणी पडंल का न्हाई. दादा नेहमी जिंकायचा. लबाडी करायचा."

दोघं म्हणजे ती आणि मामा. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून दादा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तिचा हात मुळीच अडखळला नाही. भात शिजत होता, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं, आणि तो खाली लागला. मी सेंटरातून आणलेला बटर पेपर काढला आणि ती रेघ न्‌ रेघ उतरवून घेतली. त्या रात्री आम्ही करपट भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी एसटी इतकी हळू चालली होती की मला उतरून ढकलावीशी वाटली. सेंटरात पोचले तर वीज नाही. दुपारी आली. मी चित्र स्कॅन केलं, रांगोळीची रेघ होती तशीच जाड-बारीक ठेवली, रंग एकच ठेवला, आणि कम्युनिटीवर टाकलं. खाली फक्त लिहिलं, "आता बघा."

पहिलं उत्तर गडामागच्याचं. भांडण नाही, चेष्टा नाही. "हे नाकाड फक्त आमच्या वाडीतून असं दिसतं. शेजारच्या वाडीतूनही नाही. तुम्ही कोण?"

मी लिहिलं, माझ्या आईनं काढलंय. त्यानं विचारलं, आई कुठली? मी वाडी सांगितली, आजोबांचा व्यवसाय सांगितला. उत्तर येईपर्यंत मी पाय हलवत बसले. मालक दोनदा म्हणाले, टेबल हलतंय. मग एक ओळ उमटली. "म्हणजे तू आत्याची मुलगी."

तो माझा मामेभाऊ होता. लहानपणी त्याच्याबरोबर मी चिंचा पाडल्या होत्या, आणि आता भाद्रपदभर मी त्याच्याशी बुधल्यावरून भांडत होते. तो पुण्यात नोकरीला लागलेला होता. तो म्हणाला, मी याचा प्रिंट काढून शनिवारी घरी नेतो. मी म्हटलं, मामांना काय सांगशील? त्यानं लिहिलं, "काही नाही. नुसतं दाखवीन."

इकडे कम्युनिटीवर लोकांना चित्र आवडलं होतं. भोरकडचे म्हणाले, आमच्या डोंगरांवर चढलं की हा असाच काहीसा दिसतो, मग आमचाही धरायला हरकत नाही. हायवेवाले म्हणाले, ट्रक पुढच्या वेळी. दुबईवाल्यानं लिहिलं, हे कुणाच्या तरी आईनं काढलंय हे कळतंय, हेच ठेवा. सरपंचांनी मत घेतलं आणि हाच लोगो ठरला. दिवाळीला चढवायचा. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा जीव सगळा त्या शनिवारात अडकला होता.

शनिवार गेला. आईला मी काही सांगितलं नव्हतं, तरी रविवारी ती दारात येऊन रस्त्याकडे बघून गेली. म्हणजे आपल्याला नुसतं वाटतं की आईला काही सांगितलेलं नाही. सोमवारी मामेभावाचा निरोप, "बाबांनी बघितलं. खिशात ठेवलं. काही बोलले नाहीत." पुढच्या आठवड्यातही तेच. मला इतका संताप आला! कागद खिशात ठेवायला काय जातं? चार पावलं टाकायला पाय झिजतात का? भात कापणीला आला होता, माणसं शेतात होती, मामांना सवड नसणार हे मला कळत होतं, पण कळून उपयोग काय? मी घरात ताटं आपटायला लागले. आबा म्हणाले, "हिचं पाय कुणीतरी बांधा."

आई शांत होती. तिनं सारवलेल्या जमिनीवरची ती रांगोळी मात्र पुसली नाही. तिच्या कडेकडेनं केर काढायची. आम्हाला सगळ्यांना तिला वळसा घालून चुलीपाशी जावं लागायचं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी सुटीवर होते. दुपारी जीप थांबल्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं तर मामा. वाळले होते. डोक्यावर टोपी, धोतराला भाताचं कुसळ चिकटलेलं, म्हणजे खाचरातूनच उठून आलेले. आबा लगबगीनं पुढं झाले. "या, या पाव्हणं." मामा ओसरीवर बसले. आईनं तांब्या-पेला आणून ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मामा पाणी प्याले. ते पाणी प्याले तेव्हाच आईनं पदर तोंडाला लावला, कारण लग्नात ते पाणी न पिता गेले होते. मी खिडकीपाशीच उभी. आता लग्नाचा विषय निघणार, आता हे म्हणणार मला परत का जाऊ दिलं, आता ती म्हणणार तुम्ही का गेलात.

मामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. घड्या पडून पडून तो मऊ झाला होता. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि नाकाडावर बोट ठेवलं.

"ह्ये चुकलंय."

"काय चुकलंय?" आईचा आवाज एकदम चढला. इतक्या वर्षांनी भाऊ दारात आलाय, आणि ही भांडायला उभी! कोणाची मुलगी मी, ते मला तेव्हा कळलं.

"नाकाड न्हाई आता. ह्या पावसात दरड आली. समदं खाली आलं."

आई चौकट सोडून पुढं आली. "नाकाड पडलं?"

"पडलं म्हंजी पडलंच. तू काढलंस ते जुनं झालं. उद्या साऱ्या मुलखाला दिसंल, आन लोक म्हणतील, हिला म्हायेर ठावं न्हाई." मामांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवला, आणि आबांकडे बघत म्हणाले, "दोन दिस घेऊन जातो. बघू दे तिच्या डोळ्यानं."

आई आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. भरायला वेळ लागलाच नाही. पिशवी भरलेलीच होती, आणि किती दिवसांपासून, ते मी तिला कधी विचारलं नाही. जाता जाता मला म्हणाली, "रांगोळी पुसून टाक आता. पायात येती."

जीप गेल्यावर आबा ओसरीवर बसून राहिले. "मेव्हणा काय बोलला न्हाई मला," म्हणाले. मी म्हटलं, पाणी प्याले ना? ते म्हणाले, "व्हय. प्याले."

मी रांगोळी पुसली नाही. सेंटर दिवाळीसाठी बंद होण्याआधी तिथं जाऊन मामेभावाला विचारलं, "खरंच दरड पडली का?" त्याचं उत्तर गुळमुळीत, "बाबा म्हणतायत म्हणजे पडली असेल." या माणसानं भाद्रपदभर बुधल्याच्या डाव्या-उजव्यावरून माझं डोकं खाल्लं होतं, आणि आता अख्खा कडा पडला तरी त्याला माहीत नाही!

आई भाऊबीज करून आली. मामांनीच आणून सोडलं. ते गेल्यावर तिनं आंघोळ केली, चुलीपाशी बसली, आणि ती रांगोळी बघून मला ओरडलीसुद्धा नाही. मी म्हटलं, "आई, नाकाड?"

"हाय की. हाय तसंच हाय. जीप वळणावर आली आन समोर दिसलं."

"मग मामा खोटं बोलले?"

ती हसायला लागली. मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं, लहान मुलीसारखं, तोंडावर हात ठेवून. "दादा म्हणाला, 'बघ, न्हाई ना?' म्या म्हटलं, 'न्हाई बाई, कुठं गेलं की.' तो पुढं बघतोय, मी पुढं बघतिया, आन नाकाड आमच्या दोघांच्या समोर." मग तिनं डोळे पुसले. "मुराळ्याला काय तरी निमित्त लागतंच. रिकाम्या हातानं कसा येईल तो?"

मी म्हटलं, "पण मग लोगो? तो तर दिवाळीला चढला. नाकाडासकट."

आईचं हसू थांबलं. "चढला? मग उतरव. त्यातलं नाकाड काढ."

"अगं, पण ते आहे ना जागेवर!"

"असू दे. त्याचा पोरगा त्याला दावल ना तुझं चित्र. नाकाड दिसलं त्यात, तर तो तोंडावर पडंल. ह्या घरात एकदा त्याचा मान गेलाय. दुसऱ्यांदा जायचा न्हाई."

दिवाळी संपल्यावर सेंटरचं कुलूप उघडताच मी ते काम केलं. इतका सुंदर कडा मी स्वतःच्या हातानं खोडला आणि तिथं सपाट रेघ ओढली. मला फार वाईट वाटलं. आईच्या चिमटीतून उतरलेली ती एकच रेघ त्या चित्रात खरी होती असं मला वाटायचं, आणि तीच मी काढून टाकली. कम्युनिटीवर खोऱ्यातल्या एकदोघांनी विचारलं, नाकाड कुठं गेलं? मी काही बोलायच्या आत मामेभावानं लिहिलं, "दरड पडली. आमच्या बाबांनी बघितली." त्यावर कोणी वाद घातला नाही. मी त्याला तेवढ्यापुरतं सगळं माफ केलं.

पुढची दोन-तीन वर्षं तो लोगो तसाच राहिला. कुठल्याच दारातून दिसत नाही असा गड, दोन तालुक्यांच्या माणसांनी आपला म्हणून मिरवला. एकानं टी-शर्टवर छापला. दुबईवाल्यानं भिंतीवर लावला. मग माणसं दुसऱ्या साइटवर गेली, तिसऱ्या साइटवर गेली, आणि आमची कम्युनिटी यात्रा उठल्यावरच्या माळासारखी रिकामी झाली. मी मात्र अधूनमधून जाऊन बघायची. ती सपाट रेघ मला टोचायची.

माझं लग्न ठरलं ते याच सुमाराला. मामा आदल्या दिवशीच येऊन बसले. जीप नको म्हणाले, एसटीनं आले, आणि मांडवात कोणाच्याही आधी आंघोळ करून तयार. मला हाताला धरून त्यांनी बोहल्यावर आणलं. समोर अंतरपाट, पाठीमागे मामा. मंगलाष्टकं चालू झाली. साडीच्या आत माझा पाय हलायला लागला, तो थांबेना. तेवढ्यात मामा कानाशी वाकले. मला वाटलं, पाय हलवू नको म्हणणार.

"नाकाड हाय बरं का जागंवर," ते हळूच म्हणाले. "सवडीनं बसव परत."

मी मागं न बघताच म्हटलं, "माहितेय, मामा."

"आईला नको सांगू."

मला हसू फुटलं, आणि रडूही. समोर अंतरपाट होता म्हणून बरं.